हात अंगावर पडण्याआधी: कॉलेजातल्या स्वसंरक्षण वर्गाचे बारा तास

कॉलेजकडून पहिला फोन येतो तेव्हा मागणी बहुतेक ठरलेली असते. मुलींना दोन तासांत कराटेचे चार-पाच डाव दाखवा, शेवटी प्रात्यक्षिक ठेवा. अशा वर्गाला आम्ही नाही म्हणतो. दोन तासांत शिकलेला डाव आठवडाभरात हातातून जातो, आणि ‘मला येतं’ हा भरवसा मात्र मागे राहतो. तसा भरवसा असण्यापेक्षा नसलेला बरा. आम्ही बारा तास मागतो, दोन-दोन तासांच्या सहा बैठका, शक्यतो तीन आठवड्यांत विभागलेल्या.

बारा तासांमागे कारण आहे. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. निम्म्या मुलींना तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण मिळालं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरानंतर बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९.८ टक्के. त्या बारा तासांत हातापायांचे डाव थोडेच होते. जास्त वेळ गेला तो धोका लवकर ओळखण्यात, ओळखीच्या माणसाला नकार देताना मनात काय आडवं येतं ते समजून घेण्यात आणि तो नकार तोंडाने म्हणून बघण्यात. आमच्या वर्गाची आखणीही अशीच आहे. सहापैकी अडीच बैठका अंगाच्या कामाला, साडेतीन त्याआधीच्या मिनिटांना. प्राचार्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण तो द्यावाच लागतो.

वर्ग ठरला की काही गोष्टी आधी मागून घेतो. वीस विद्यार्थ्यांमागे एक प्रशिक्षक, आणि प्रशिक्षकांत निदान एक बाई. सत्तर-ऐंशी जणांना एकत्र बसवलं तर ते भाषण होतं, वर्ग होत नाही. जिम्नॅशियमच्या मॅट नसतील तर जाड सतरंज्या दुहेरी घालून चालतात, मात्र फरशीवर पडण्याचा सराव करायचा नाही. मारायला पॅड हवेत. नसतील तर जुनी गादी घट्ट गुंडाळून दोरीने आवळतो आणि जोडीदाराने ती छातीशी धरायची. काचेच्या बांगड्या, कानातले झुमके, घड्याळ काढून ठेवायचं. ओढणी कमरेला बांधायची. बूट किंवा चप्पल मात्र रोजचीच घालून यायची, कारण वेळ आली तर पायात तीच असणार.

आणखी एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो, कारण ती नंतर सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आम्हालाही आणि शिक्षकांनाही. त्यामुळे ‘तुम्ही काहीही सांगा, ते आमच्यातच राहील’ असं वचन आम्ही देत नाही. काय गुपित राहील, काय नाही, आणि कळवल्यावर पुढे काय होतं, हे तिथेच स्पष्ट करतो. तरीही मुलं बोलतात. उलट, आपल्याला फसवलेलं नाही हे दिसल्यामुळे जास्त मोकळं बोलतात.

पहिली बैठक: वाट

पहिल्या दिवशी कुणी कुणाला हात लावत नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि घर ते कॉलेज ही वाट काढायला सांगतो. कुठे एसटी, कुठे वडाप, कुठे पायी, किती वाजता. मग खुणा करायच्या. दिवा कुठे नाही, मोबाइलला रेंज कुठे जात नाही, दुकान किती वाजता बंद होतं, टपरीवर कोण बसलेलं असतं, आणि कोणत्या ठिकाणी थांबलं तर मदत मिळेल. मेडिकलचं दुकान, पेट्रोल पंप, एसटी स्टँडवरची वाहतूक नियंत्रकांची खोली, रुग्णालयाचं फाटक ही उशिरापर्यंत माणसं असणारी ठिकाणं हिरव्या पेनाने. मुलं आधी लाल खुणाच भरतात. हिरव्या भरायला लावाव्या लागतात, आणि खरा उपयोग त्यांचाच. पळायचं ठरवलं तर ‘इथून दूर’ ही दिशा पुरत नाही, कुठे पोचायचं ते आधी माहीत हवं.

सगळे कागद शेजारी ठेवले की त्याच त्याच जागा वर येतात. शाळेमागची बोळ, स्टँडचं स्वच्छतागृह, अभ्यासिकेतून होस्टेलकडे जाणारा रस्ता. ती यादी प्राचार्यांच्या सहीने ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यायची आणि पोचपावती घ्यायची. दिवा लावणं हे मुलीचं काम नाही, हे मुलांसमोर मोठ्याने म्हणायला हवं.

मग लाल खुणांच्या कागदावर नसलेली जागा विचारतो: घर, क्लास, नात्यातली माणसं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दरवर्षी एकच गोष्ट दिसते. नोंद झालेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. अंधारी बोळ टाळली की झालं, असं समजणाऱ्या वर्गाला हा आकडा पहिल्याच दिवशी कळला पाहिजे, नाहीतर पुढच्या पाच बैठका चुकीच्या माणसाची तयारी करण्यात जातात.

आवाज आणि अंतर

दुसऱ्या बैठकीत ओरडायला शिकवतो. हे सगळ्यात अवघड जातं. पहिल्या प्रयत्नात हसू येतं, आवाज घशातून निघतो आणि शेवटी प्रश्नासारखा वर चढतो. दुरुस्ती अशी: पाय खांद्यांएवढे फाकून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, पोटावर तळवा ठेवून श्वास घ्यायचा आणि शब्द पोटातून ढकलायचा. शब्द दोन-तीनच. ‘मागे व्हा!’ ‘हात काढा!’ वाक्य लांबलं की आवाज पडतो. ‘वाचवा’पेक्षा आज्ञा बरी, कारण तिच्यात समोरच्याने काय करायचं तेही आहे आणि ऐकणाऱ्यांना काय चाललंय तेही कळतं.

अनोळखी माणसाला ‘अहो, तुम्ही’ असंच म्हणायचं, कितीही राग आला तरी. ‘सोड मला’ ऐकलं की बघ्यांना वाटतं घरचं भांडण आहे, आणि घरच्या भांडणात आपल्याकडे कुणी पडत नाही. त्यालाच जोडून मोठ्याने: ‘मी यांना ओळखत नाही!’ मग गर्दीतला एक माणूस निवडायचा. ‘कुणीतरी या’ म्हटलं की कुणीच येत नाही. ‘निळ्या शर्टाचे काका, इकडे या. लाल पिशवीवाल्या ताई, ११२ ला फोन लावा’ असं बोट दाखवून म्हटलं की तो माणूस हलतो. हा सराव मैदानावर करतो, निम्मा वर्ग बघे म्हणून उभा करून. बघ्यांचाही तो सराव असतो. मध्ये जाऊन भांडणं हा एकच मार्ग नाही. मुलीशेजारी जाऊन ‘अगं, तू इथे आहेस? सर तुला शोधतायत’ एवढं म्हणून तिला तिथून बाजूला काढता येतं.

अंतराचा सराव सगळ्यांना आवडतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं होतं की सुदृढ माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास अंतर, दीड सेकंदात तोडतो. एक जण सात पावलांवर उभा करतो. दुसऱ्याच्या कानात इअरफोन, नजर मोबाइलमध्ये. पहिल्याने धावत येऊन खांद्याला हात लावायचा. मोबाइलवाल्याला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. मग तेच इअरफोनशिवाय, मान वर ठेवून. फरक अंगाला कळतो, सांगावा लागत नाही. सतत घाबरून इकडेतिकडे बघा असं आम्ही सांगत नाही, त्याने माणूस थकतो आणि दोन दिवसांत सोडून देतो. रिक्षातून उतरताना, जिना चढताना, गल्ली वळताना, एटीएममधून बाहेर पडताना, म्हणजे जागा बदलते त्या क्षणी मान वर करायची. एवढं झेपतं.

कुणी अंगावर येत असेल तर दोन हातांचं अंतर राखायचं, एक पाय मागे, दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर. मूठ वळायची नाही. उघडे तळवे चेहऱ्याच्या जवळ असल्याने बचावाला तयार असतात, आणि बघणाऱ्यांना व सीसीटीव्हीला दिसतं की ही व्यक्ती भांडण टाळते आहे. माणूस दोन हातांच्या आत आला की ‘मागे व्हा’, तरी पुढे आला की एक पाऊल तिरकं बाजूला. सरळ मागे मागे गेलं की पाठ भिंतीला लागते किंवा पाय अडखळतो. वर्गात जवळजवळ प्रत्येक जण आधी सरळच मागे जातो.

हात पडल्यावर

तिसऱ्या बैठकीपासून जोड्या. जोडी ज्याने त्याने स्वतः निवडायची, स्पर्शाआधी विचारायचं, आणि कुणालाही कारण न सांगता बाजूला बसता येतं. ज्यांच्या बाबतीत आधी काही घडलेलं असतं त्यांना गळ्याची किंवा मागून मिठीची पकड सहन होत नाही, आणि ते तिथे सगळ्यांसमोर सांगायला लावणं क्रूरपणा आहे. सरावात ‘सोडा’, ‘नको’ हे शब्द संवादातच येतात, म्हणून खरोखर थांबवायला वेगळा शब्द ठरवतो: ‘लाल’. तोंड बंद असेल तर जोडीदाराच्या अंगावर दोन थापा.

मनगटाची पकड. अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती फट पकडीची कमकुवत बाजू. हात खांद्यातून मागे खेचणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया, आणि ती ताकदीची झोंबाझोंबी होते. त्याऐवजी अर्धं पाऊल पुढे जायचं, कोपर वाकवून समोरच्याच्या हाताकडे न्यायचं, मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि कंबर फिरवून हात आपल्या विरुद्ध खांद्याकडे काढायचा. पुढे जायला मन धजत नाही, तिथेच डाव फसतो. दोन्ही हातांनी एक मनगट धरलं असेल तर आपल्या मुठीला दुसऱ्या हाताने पकडायचं, गुडघे वाकवायचे आणि पायांच्या जोराने वर उठत कोपर मागे न्यायचं. सुटल्यावर तिथे उभं राहायचं नाही. प्रत्येक सुटकेनंतर निदान दहा पावलं पळून ओरडणं हा सरावाचाच भाग. तो गाळला तर शरीर सुटून थांबायला शिकतं.

मागून केस धरले तर दोन्ही तळव्यांनी तो हात आपल्याच डोक्यावर घट्ट दाबायचा. केस ओढले जाणं थांबतं, वेदना कमी होते, डोकं चालू लागतं. मग बसकण घेत त्याच्याकडे वळायचं आणि नडगीवर लाथ.

मागून हातांसकट मिठी मारली तर पहिलं काम खाली बसणं. पाय फाकवून कंबर टाकली की वजन उचलणं कठीण जातं. टाच त्याच्या पावलाच्या वरच्या भागावर, बोटांवर नाही, कारण बुटाचं टोक टणक असतं. कंबर एका बाजूला सरकवली की कोपराला बरगडीपर्यंत जागा मिळते.

गळा दोन्ही हातांनी आवळणं ही पकड सगळ्यात गंभीर. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकते, म्हणून इथे बोलण्यात वेळ घालवायचा नाही. हनुवटी खाली, खांदे वर, दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून त्याच्या अंगठ्यांवर आणि एका झटक्यात बाहेर, त्याच वेळी गुडघा जांघेत. सरावात हात गळ्यावर ठेवायचेच नाहीत, गळपट्टीच्या हाडांवर ठेवायचे. आणि हे प्रत्येक वर्गात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: कुणाचा गळा खरोखर आवळला गेला असेल तर अंगावर खूण नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वासाला त्रास ही धोक्याची लक्षणं आहेत, आणि आतली सूज काही तासांनीही वाढते.

मारण्याचे प्रकार चारच: तळव्याची टाच नाकावर किंवा हनुवटीवर, कोपर, गुडघा, नडगीवर लाथ. मूठ शिकवत नाही. नवखा माणूस अंगठा मुठीच्या आत घेतो किंवा बोटांची हाडं समोरच्याच्या कपाळावर आपटून मोडून घेतो. तळव्याला तो धोका कमी. पॅडवर प्रत्येकीने पूर्ण ताकदीने मारलंच पाहिजे, हवेत मारून जोर कळत नाही. आपल्या तळव्याने समोरची मुलगी पॅडसकट दोन पावलं मागे गेली हे पाहिल्यावर कित्येक जणी आपल्या हाताकडे बघत राहतात. जन्मभर त्यांना कुणी जोरात काही करायला सांगितलेलंच नसतं.

पडण्याला आम्ही मुद्दाम अर्धा तास देतो. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात शरीरापासून थोडे बाजूला आणि तळवे-बाहू एकदम जमिनीवर आपटायचे. ताठ हात मागे टेकला की मनगट मोडतं. पडल्यावर पाय समोरच्याच्या दिशेला, कुल्ल्यांवर गरगर फिरत त्याच्या गुडघ्यांवर आणि नडग्यांवर लाथा. उठताना एक हात मागे टेकून, दुसरा चेहऱ्यासमोर, एक पाय खालून मागे ओढून घ्यायचा, नजर त्याच्यावरच. पोटावर पालथं होऊन उठलं की पाठ त्याच्या हाती जाते.

चाकू हिसकावण्याचे डाव आम्ही शिकवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाचेही हात त्यात कापले जातात, आणि बारा तासांच्या वर्गात तो शिकवणं म्हणजे मुलांना मरणाच्या तोंडी देणं. मोबाइल, पैसे, साखळी मागितली तर द्यायची, जमलं तर थोडी लांब फेकून उलट दिशेला पळायचं. पाठीवरची सॅक पुढे घेऊन मध्ये धरायची. एवढंच.

मिरचीचा फवारा बऱ्याच जणींकडे असतो आणि तो सॅकच्या तळाशी, डब्याखाली असतो. हातात नसेल तर तो नाहीच असं धरा. त्याचा पल्ला साधारण दोन-तीन मीटर. वारा समोरून असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो, रिक्षात किंवा लिफ्टमध्ये दोघांनाही लागतो. डब्यावरची मुदत तपासायची, आणि निव्वळ पाण्याने भरलेली सरावाची बाटली घेऊन, खिशातून काढून फवारण्यापर्यंतची क्रिया डोळे मिटून जमेपर्यंत करायची.

अंग गोठतं तेव्हा

चौथ्या बैठकीच्या मध्यावर सराव थांबवून एक गोष्ट बसून बोलतो. इतकं शिकूनही वेळ आल्यावर अंग हलणार नाही, असं होऊ शकतं. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींना हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात ताठरल्याचा, हालचाल न करता येण्याचा अनुभव आला होता. ही मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नाही आणि भित्रेपणाही नाही. ‘मग तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न घरी, कॉलेजात, चौकीत विचारला जातो, म्हणून शिक्षकांनाही या अर्ध्या तासाला बसवतो. गोठलेपण मोडायला काही वेळा लहान हालचालीने मदत होते: लांब श्वास सोडणं, पायाची बोटं आवळणं, एखादा शब्द पुटपुटणं. नाही जमलं तर जिवंत राहणं हाच बचाव.

ओळखीचा माणूस

पाचवी बैठक सगळ्यात कमी हालचालीची आणि सगळ्यात थकवणारी. प्रसंग चिठ्ठ्यांवर असतात. क्लासचे सर वर्ग सुटल्यावर थांबायला सांगतात. लग्नघरात काका मांडीवर हात ठेवतात. मित्र गाडीवरून सोडतो म्हणतो आणि रस्ता बदलतो. मानलेला दादा रात्री एकनंतर मेसेज करतो आणि ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणतो.

अनोळखी माणसावर ओरडणाऱ्या मुली इथे हसतात, मान खाली घालतात आणि कारण देतात. ‘सर, आज घरी पाहुणे आहेत.’ कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो: मग उद्या थांब. म्हणून कारण द्यायचं नाही. हसू आवरायचं, कारण हसऱ्या तोंडाचा नकार समोरचा होकार म्हणून वापरतो. एकच वाक्य ठरवून तेच तीनदा म्हणायचं. ‘सर, मी इथेच दाराशी उभी राहते, बोला.’ ‘काका, हात काढा.’ ‘गाडी इथेच थांबव, मी उतरते.’ पहिल्यांदा साध्या आवाजात, दुसऱ्यांदा उभं राहून मोठ्याने, तिसऱ्यांदा तिथून निघता निघता. आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, तिसऱ्याला. कागदावर अशी तीन नावं लिहून घेतो. तिसरं नाव लिहायला खूप जणांचं पेन अडतं. ते कोरं राहिलेलं दिसलं की समुपदेशक किंवा एखाद्या शिक्षिकेने पुढे होऊन आपलं नाव द्यावं, अशी आधीच बोलणी केलेली असतात.

मुलगे या बैठकीला हवेतच. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि मुलग्यांना हे सांगायला जागाच नसते. होस्टेलमधलं रॅगिंगही इथेच येतं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

फोटोच्या धमकीचं प्रकरण हल्ली प्रत्येक वर्गात निघतं. क्रम असा: पैसे द्यायचे नाहीत, कारण दिल्यावर मागणी वाढते. भीतीने चॅट उडवायचं नाही. नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवा फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा तयार करतात आणि सहभागी समाजमाध्यमांना तो फोटो शोधून काढायला देतात.

नंतरचं

सहाव्या बैठकीत फोन हातात. प्रत्येकाने आपल्या फोनची आपत्कालीन सोय सेटिंगमध्ये शोधायची, कारण बटण किती वेळा दाबायचं ते फोनप्रमाणे बदलतं. व्हॉट्सअॅपवर चालू ठिकाण १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास पाठवता येतं, पण डेटा बंद झाला की तेही थांबतं, म्हणून रिक्षात बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवायचाच. ११२ पोलीस, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, १३९ रेल्वेत. रेल्वेत डब्याचा आणि आसनाचा क्रमांक आधी सांगायचा. एसटीत त्रास झाला तर थेट कंडक्टरला, मोठ्याने.

कायद्यातलं नेमकं तेवढंच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. धोक्याची रास्त भीती वाटल्यापासून ती भीती संपेपर्यंत हा हक्क असतो, म्हणजे पहिला फटका खाण्याची वाट बघावी लागत नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. माणूस पळत सुटल्यावर पाठलाग करून मारलं तर हे कवच राहत नाही. पाठलाग करून छळणं कलम ७८, विनयभंग कलम ७४. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो.

लैंगिक हल्ला झाला असेल तर शक्यतो आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. बदलावेच लागले तर ते कागदी पिशवीत ठेवायचे, कारण प्लास्टिकमध्ये दमटपणाने पुरावा खराब होतो. आधीच आंघोळ केली असेल तरीही रुग्णालयात जायचंच. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. अॅसिड पडलं तर निदान वीस मिनिटं वाहतं स्वच्छ पाणी, कपडे-दागिने काढून, आणि वर काहीही न लावता रुग्णालय.

वर्ग संपताना प्राचार्यांकडे एक पानभर कामं देतो. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी, विद्यार्थ्यांच्या प्रकरणांत विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आणि सबळ कारण असेल तर ती वाढवता येते. समितीतल्या व्यक्तींची नावं आणि फोन सूचनाफलकावर, होस्टेलमध्ये आणि मुलींच्या स्वच्छतागृहात लावायचे. तक्रारपेटी प्राचार्यांच्या खोलीसमोर किंवा सीसीटीव्हीखाली असेल तर तिच्यात चिठ्ठी पडत नाही, ती वाचनालयाच्या जिन्याजवळ हलवायची. किल्ली दोघींकडे, उघडण्याचा वार ठरलेला. आणि खेळाच्या तासाला दर आठवड्याला दहा मिनिटं: तीनदा पूर्ण आवाजात ‘मागे व्हा’, मनगटाची सुटका दोन्ही हातांनी, पॅडवर तळव्याचे दहा फटके, एकदा पडून उठणं. एवढ्यासाठी आम्ही लागत नाही. क्रीडाशिक्षक आणि प्रत्येक तुकडीतल्या दोघी-दोघे जण पुरतात, त्यांना शेवटच्या बैठकीनंतर थांबवून घेतो आणि त्या दहा मिनिटांचा क्रम त्यांच्याकडूनच एकदा चालवून घेतो.